लिंबू आंबट नसतं म्हणे!

लिंबू आंबट नसतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

सीवूड्सच्या आमच्या सोसायटीतले देसाई सकाळी चालताना म्हणाले, "तुमचं शरीर ॲसिडिक झालंय. चहा बंद, मटण बंद. अल्कलाइन डाएट करा. लिंबू घ्या, काकड्या खा."

"अहो, पण लिंबू म्हणजेच ॲसिड ना?"

"बाहेर! आत गेलं की अल्कलाइन."

(आमचे काही नातेवाईकही बाहेर एक आणि आत एक असतात, त्यामुळे मला पटलं.)

मी पीएच मोजायच्या पट्ट्या मागवल्या आणि दिसेल त्यात बुडवत सुटलो. वरणात पट्टी पिवळी झाली. ती पीएचमुळे की हळदीमुळे, देव जाणे! लिंबाच्या रसात लालभडक. म्हणजे ॲसिडच की! आता पट्टी खरी, की देसाई?

"लिंबू तुम्ही प्या, पट्ट्या देसायांना चाटवा," बायको म्हणाली. तिचा चहा मी बंद केल्यापासून ती असंच बोलायची.

अशात आमच्या ऋतुजाला बघायला उलव्याहून मंडळी आली. मूळची साताऱ्याकडची. मुलगा अमोल, पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला.

"आज तरी चहा टाकू द्या," बायको कुजबुजली.

"पाहुण्यांना ॲसिड पाजणार? मी सरबत करतो!"

पण ग्लासापासून पोटापर्यंत लिंबू ॲसिडच राहणार, त्याचं काय? मला एकदम सुचलं. खायचा सोडा! ते आधीच अल्कलाइन करून टाकू. बाटलीत लिंबाचा रस, पाणी, साखर आणि चांगला मूठभर सोडा घातला, झाकण घट्ट लावलं आणि पाहुण्यांसमोर येऊन जोरात हलवली.

फाट्!

झाकण पंख्याला लागलं. फेस थेट अमोलच्या आईच्या पैठणीवर!

"आगं आई गं!" त्या ओरडल्या.

"घाबरू नका, अल्कलाइन आहे!" मी म्हणालो. (दुसरं काय म्हणणार?)

अमोलचे वडील चष्म्यावरचा फेस पुसत म्हणाले, "पावणं, आमच्यात च्या देत्यात."

ऋतुजा टॉवेल घेऊन धावली, पण मध्येच तिला हसू फुटलं. तिला बघून अमोलला. मग दोघं थांबेचनात. बायकोनं तेवढ्यात चहा टाकलासुद्धा.

मी घाईघाईनं सगळं शास्त्र समजावून सांगितलं. अमोलनं शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, रक्ताचा पीएच शरीर स्वतःच सांभाळतं. फुफ्फुसं आणि किडन्या ते काम करतात. आपण काय खातो, त्यानं तो हलत नाही."

"मग लिंबू? काकड्या? एवढं सगळं खाऊन माझ्यात काहीच बदललं नाही?"

"तसं नाही. लघवीचा पीएच बदलतो ना."

"पोरगी पसंत हाय," अमोलच्या आई पदर पिळत म्हणाल्या, "पर लग्नात सरबत नगं."

घरात हशा पिकला. मी मात्र मनात हिशेब मांडत होतो. चहा सोडून, मटणाकडे पाठ फिरवून मी शरीरात जे काही सुधारलं होतं, ते रोज सकाळी स्वतःच्या हातानं फ्लश करत होतो!