राजाचा डावा हात

आमच्या दुकानाच्या माळ्यावर कुणी न नेलेले फ्लेक्स साचले आहेत. कुणाचं तिकीट कापलं जातं, कुणाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी घरात सुतक येतं, कुणाच्या फोटोपेक्षा भाच्याचा फोटो मोठा छापला जातो. मग बॅनर न्यायला कुणी फिरकत नाही. टाकवतही नाही. म्हणून गुंडाळी करायची आणि वर ढकलायची. किस्स्यांचं तसंच आहे. आमच्याकडे मध्यंतरी 'राजांची ऑर्डर' होऊन गेली आणि माळा एकदम भरला. त्यातले थोडे आज खाली काढतो.

आधी नानांबद्दल सांगायला हवं. नाना म्हणजे माझे गुरू. अर्ध्या धुळ्याच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, थेटरावरचे बारा फुटी हिरो त्यांनी हाताने रंगवले. फ्लेक्स आलं तेव्हा मी मशीन घेतलं आणि नानांना राहायला आणि रंगवायला मागची खोली दिली. देवांच्या तसबिरी, कुणाच्या आजोबांचं पोर्ट्रेट, असं काहीबाही ते करत असत. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, पण उजवा हात थरथरतच राहिला. चहाचा कप बशीत वाजायचा, ब्रशचं तर विचारूच नका.

भुसावळला त्यांची मुलगी असते, जावई रेल्वेत. ती रोज फोन करायची की काम होत नसेल तर दुकानात कशाला बसता, इकडे या. नानांनी मला सांगून टाकलं होतं, "दिवाळीपर्यंत बघतो, बापू. हात चालला तर ठीक, नाहीतर जातो भुसावळला टीव्ही बघत बसायला." खोलीच्या कोपऱ्यात त्यांनी बॅगसुद्धा भरून ठेवली होती. त्या बॅगेकडे मी शक्यतो बघत नसे.

*

तर एक दिवस दिलीपभाऊ आले. हे शिरपूरकडचे केळीवाले. हायवेला त्यांनी लग्नांसाठी नवीन लॉन्स बांधलं, वर एसी हॉल. नुकतेच युरोपची टूर करून आले होते. तिथल्या राजवाड्यांत त्यांनी काय पाहिलं असेल तर भिंतीवरचे राजे. मोबाईलमध्ये दोनशे फोटो. सगळे राजे एकाच तऱ्हेचे. डोक्यावर मुकुट, अंगावर पायघोळ झगा, एका हातात सोन्याचा दांडा, दुसऱ्या हातात सोन्याचा गोळा, गोळ्यावर क्रूस. "असे सहा पाहिजेत हॉलमध्ये," म्हणाले.

मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत सहाही छापून देतो. ते म्हणाले, "फ्लेक्स आमदाराच्या वाढदिवसाला ठीक आहे. मला हाताने काढलेले पाहिजेत."

मी नानांकडे बघितलं आणि हो म्हणून बसलो. दिलीपभाऊ गेल्यावर नानांनी मला विचारलं, "हाताने म्हणजे कोणाच्या हाताने?"

मी मशीनमध्ये कागद अडकल्याचं नाटक केलं.

*

नानांची एक पद्धत आहे. माणूस काढायचा तर आधी हात, मग चेहरा. हात खोटा पडला तर चेहरा कितीही गोड काढा, माणूस उभा राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि या राजांच्या तर हातातच सगळं राज्य! तेव्हा मॉडेल हवं, असं ठरलं.

मॉडेल झाले शेजारचे सलीमभाई टेलर. उंच माणूस, नाक सरळ, दाढी राखलेली. त्यांच्याच दुकानातला लाल मखमलीचा पडदा पाठीवरून सोडला, वर पांढरी गोधडी घातली. उजव्या हातात लाटणं, डाव्या हातात तांब्या. नानांनी ताकीद दिली की मी सांगेपर्यंत हलायचं नाही.

तेवढ्यात एक बाई ब्लाऊज न्यायला आल्या. टेलर त्यांच्या दुकानात नाहीत म्हणून आमच्याकडे डोकावल्या. समोर सलीमभाई लाटणं घेऊन उभे. मान न वळवता, ओठ न हलवता ते एवढंच म्हणाले, "शाम को आओ." बाई दोन पावलं मागे सरकून निघून गेल्या. संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला पाठवलं.

त्यानंतर सलीमभाईंनी मोबाईलमधल्या राजाला टेलरच्या नजरेने नीट तपासलं. कापड किती लागलं असेल याचा अंदाज केला, अस्तर बघितलं, गोंडे बघितले. मग गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "नाना, इतना कपडा, और जेब एक भी नहीं. चाबी किधर रखता होगा?"

*

पहिल्या राजाचा कच्चा आराखडा मी काढला. नाना मागे उभे राहून करंगळी लांब झाली, अंगठा मेला, असं सांगत होते. तो बघायला दिलीपभाऊ त्यांच्या आईला घेऊन आले. यांना सगळे अक्का म्हणतात. नऊवारी लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. घरचे बठ्ठे, म्हणजे सगळेच, त्यांना वचकून असतात.

चहा आला. दिलीपभाऊंच्या उजव्या हातात फोन, म्हणून त्यांनी कप डाव्या हाताने घेतला. अक्कांनी कप त्यांच्या हातातून काढून टेबलावर ठेवला. फोन खिशात गेला, उजवा हात पुढे आला, तेव्हा कप परत मिळाला. पन्नाशीचा माणूस, चार ट्रकचा मालक!

मग अक्का राजाकडे वळल्या. सगळे फोटो बघितले आणि म्हणाल्या, "बठ्ठास्ना डावा हातमा गोया कसाले?"

मी समजावलं की तो गोळा म्हणजे पृथ्वी. वर त्यांच्या देवाची खूण आहे. उजव्या हातात दांडा असल्यामुळे गोळा डाव्या हातात. अक्कांना यातलं देव आणि डावा हात एवढंच ऐकू आलं.

"लगीनना घरमा डावा हात नको," त्यांनी निकाल दिला. गोळा उजव्या हातात घ्यायचा. मग दांडा? तो उशीवर ठेवा. आणि डावा हात? तो कमरेवर.

झालं. आमचे सगळे राजे एक हात कमरेवर ठेवून उभे राहिले. नाना त्यांना अर्धे विठोबा म्हणायचे.

*

तिसऱ्या राजाच्या वेळी दिलीपभाऊंनी हळूच एक कल्पना काढली. गोळ्याऐवजी केळीचा घड दिला तर? आपला धंदा, आपली ओळख. मला काही वाटलं नव्हतं. गिऱ्हाईक म्हणेल ते छापायची मला सवय. पण नाना उठून उभे राहिले. "भाऊ, घड उचलतो तो हमाल. राजा घड उचलत नाही, बागेकडे पाठ करून उभा राहतो."

दिलीपभाऊंना हे एकदम पटलं. राजाच्या मागे खिडकी काढायची आणि खिडकीत केळीची बाग, असं ठरलं.

ती बाग नानांनी केली. खिडकी लहान, चुकली तर पुसता येईल, म्हणून मी त्यांच्या हातात ब्रश दिला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. तासाभराने आत येऊन बघतो तर पानं अशी उतरलेली की वारा दिसावा. केळीचं पान वाऱ्याने कडेला फाटतं, त्या चिरा आम्ही कधी इतक्या खऱ्या काढल्या नव्हत्या. मी तोंड भरून कौतुक केलं. नानांनी ब्रश रॉकेलच्या डब्यात टाकला.

"ते मी नाही काढलं, थरथरीने काढलं. थरथरीला मुकुट काढता येतो का विचार," म्हणाले.

*

पाच राजे झाले. पाचांचेही हात माझे, नानांच्या शिव्या खाऊन काढलेले. सहावा फोटो राणीचा होता. तिचा झगा, मोती, चेहरा झाला, पण हात काढायला गेलो तर नाना म्हणाले, "हिचा राहू दे." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हात चेहऱ्यानंतर ठेवला. राणी उजव्या कोपरापाशी संपत होती. हॉलमधलं पहिलं लग्न दहा दिवसांवर आलं होतं.

तोवर पाच राजे हॉलमध्ये लावून बघू, म्हणून घेऊन गेलो. लावले आणि मागच्या गेटला ट्रॉली सोडायला गेलो. परत येतो तर पाचही राजांच्या गळ्यात झेंडूचे हार! लॉन्सवर डेकोरेशनचं काम करणारे काका होते. मोठी फ्रेम, जुन्या वळणाचा माणूस, म्हणजे मालकांचे पूर्वज, असा हिशोब करून त्यांनी हार घातले होते. वर उदबत्ती.

हॉल बघायला एक वधूपिता आलेले. त्यांनी चपला काढून पाचही जणांना नमस्कार केला आणि हळू आवाजात काकांना विचारलं की कधी गेले हे सगळे.

काका म्हणाले, "लई दिवस झाले."

आता यात चूक काय काढणार? लग्न तारखेसकट बुक झालं. दिलीपभाऊंचा जीव भांड्यात पडला आणि हार तसेच राहिले.

*

त्या पहिल्या लग्नाला चार दिवस होते. मी फ्रेमच्या पट्ट्या आणायला जळगावला गेलो होतो. दुपारी सलीमभाईंचा फोन. नानांनी आतून कडी लावली आहे, हाक मारली की नुसतं हूं करतात, सकाळपासून जेवलेले नाहीत. मी पट्ट्या दुकानदाराकडेच टाकल्या आणि धुळ्याची बस धरली. पारोळ्यापर्यंत मी चार वेळा फोन केला. नाना उचलत नव्हते. डोळ्यांसमोर ती बॅग येत होती, आणि बॅगेपेक्षा वाईट गोष्टीही येत होत्या.

दुकानात पोचलो तर सलीमभाई दाराशी स्टूल टाकून बसलेले. मी दार ठोठावलं. बऱ्याच वेळाने कडी निघाली.

आत सगळीकडे फ्लेक्स उलगडलेले. माळ्यावरचे सगळे, उलटे करून. एरवी ज्यांना कुणी विचारत नव्हतं त्या सगळ्या वाढदिवसांच्या पांढऱ्या पाठीवर हात काढलेले होते. शेकडो हात. काही लहान मुलाने काढल्यासारखे वेडेवाकडे, काही मोडके, मग हळूहळू सुधारत गेलेले. कितीतरी महिने मी दुकान बंद करून घरी गेल्यावर हा माणूस काय करत होता ते मला तेव्हा कळलं.

आणि राणीला हात आला होता. उजवा हात, तळव्यावर गोळा, अंगठा जिवंत. मी आजवर नानांचे हजार हात पाहिले असतील, हा त्यांत पहिल्या पाचात बसावा असा होता. मी नानांकडे बघितलं. उजवा हात मांडीवर थरथरत पडलेला. ब्रश डाव्या हातात.

मी तिथेच खाली बसलो. रडलो म्हणा की हसलो म्हणा, सलीमभाईंनी पाणी आणून दिलं. नाना म्हणाले, "जेवायला काय आहे?"

*

पण खरी धास्ती पुढेच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का राणी बघायला येणार होत्या. लग्नाच्या घरात डावा हात नको म्हणणारी बाई! हे चित्र डाव्या हाताने काढलंय, हे तिला कळलं तर राणी परत माळ्यावर, आणि नाना भुसावळला. मी नानांना बजावलं की एक अक्षर बोलायचं नाही. सलीमभाईंनाही बजावलं.

अक्का आल्या. हातात पेढ्यांचा पुडा होता, नवीन बुकिंग झाल्याचा. त्यांनी राणीला वरून खालपर्यंत बघितलं, हातापाशी थांबल्या. नाना शेजारी उभे, डावा हात पाठीमागे लपवलेला. त्यांच्या बोटांवर अजून राणीच्या कातडीचा रंग होता, रॉकेलनेही न गेलेला.

"हात भारी शे," अक्का म्हणाल्या. "कोनी काढा?"

मी काही बोलायच्या आत नाना म्हणाले, "मी."

अक्कांनी पुडा सोडला आणि पेढा पुढे केला. नानांनी उजवा हात पुढे केला. तो इतका थरथरला की पेढा तळव्यावर टिकेना. दोनदा प्रयत्न झाला. मी मध्ये पडून पेढा घ्यायला गेलो, तर अक्कांनी मला नजरेनेच थांबवलं. तेवढ्यात, रोजच्या सवयीने म्हणा, नानांचा डावा हात पाठीमागून पुढे आला. लक्षात येताच त्यांनी तो मागे ओढला, पण अक्कांनी बोटांवरचा रंग बघितला होता.

त्यांनी नानांच्या हाताकडे बघितलं. मग राणीच्या हाताकडे. मग पुन्हा नानांच्या हाताकडे.

"ऱ्हाऊ द्या, नाना," अक्का म्हणाल्या. "त्याच हातमा ल्या."

आणि डाव्या तळव्यावर एक नाही, दोन पेढे ठेवले.