आईची वेणी आणि समोरचं घर

नव्वदच्या दशकात मी शिकागोजवळच्या नेपरव्हिलला एकटा राहत होतो. नागपूरहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आलेला, लग्न न झालेला. बाबा गेल्यावर आईला मी सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं. अमेरिका दाखवायची हे सांगायचं कारण; खरं म्हणजे ती इथंच राहावी असं मला वाटत होतं. त्यामुळे पहिल्या दिवसापासून मी एखाद्या विक्रेत्यासारखा तिला एकेक गोष्ट दाखवत सुटलो. दिवसभर नळाला पाणी, कधी न जाणारी वीज, बाहेर बर्फ असताना घरभर ऊब. आई सगळ्याला "चांगलं आहे बेटा" म्हणायची आणि खिडकीशी जाऊन बसायची.

एका शनिवारी टपाल आणायला म्हणून ती बाहेर गेली आणि बर्फावर घसरली. उजवं मनगट मोडलं. मी तिला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं आईसमोर खुर्ची ओढली, आईच्याच डोळ्यांत बघत काही विचारलं आणि मी मराठीत सांगायची वाट पाहत थांबली.

"काय म्हणते?" आईनं विचारलं.

"तुझ्या हाताला हात लावू का, विचारते."

आईला वाटलं, मी चुकीचं सांगतोय. तिनं मला पुन्हा विचारायला लावलं. मग मान हलवली आणि प्लास्टर होईपर्यंत त्या मुलीच्या बोटांकडे पाहत राहिली.

परतताना गाडीत म्हणाली, "लहान होती मी, तेव्हा ताप आला होता. गावचा डॉक्टर ओट्यावरून खाली उतरला नाही. लांबूनच म्हणाला, जीभ दाखव. गोळ्या कागदात बांधून पायरीवर ठेवल्या. माझ्या मायनं त्या उचलल्या." जरा वेळानं पुन्हा म्हणाली, "अन् ही पोरगी मला विचारून राहिली, हात लावू का म्हणून."

मनात म्हटलं, झालं, आता ही राहील.

आईचे केस कमरेपर्यंत, पांढरे झाले तरी दाट. एका हातानं वेणी घालता येत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सोमवारी शिकागोची ट्रेन गाठायच्या घाईत मी प्रयत्न केला. तीन पेड धरले, तर चौथा कुठून आला कळेना. आईला हसू आवरेना. "सोड, गाडी चुकेल तुझी." मी रबरबँड लावून पळालो. संध्याकाळी आलो, तर ती केस मोकळे सोडून अंधारात बसलेली.

"दुखतंय का?"

"नाही. दिवसभर कोणी आलं नाही."

"इथं कोण येणार, आई? सगळे कामावर."

"तेच म्हणते. वस्तीत असती तर एकीनं वेणी घातली असती, दुसरीनं भाकर आणली असती. हात कसा मोडला हे सांगून सांगून तोंड दुखलं असतं माझं."

त्या रविवारी नेपरव्हिलमधलंच एक मराठी कुटुंब तिला बघायला आलं. काकूंनी शिरा आणला होता. गप्पा रंगल्या. मग काकूंनी विचारलं, "नागपुरात नक्की कुठे?" आईनं वस्तीचं नाव सांगितलं, आणि आम्ही बौद्ध, हेही सांगितलं. काकू "हो का, छान" म्हणाल्या आणि बोलणं थंडीवर गेलं. निघताना पुन्हा येतो म्हणाले, आले नाहीत. दार लावताना आई म्हणाली, "हे तर विमानात बसून आलं की रे आपल्यासोबत."

पुढच्या आठवड्यात एकदा घरी आलो, तर आईची घट्ट वेणी घातलेली. मी विचारलं तर तिनं समोरच्या घराकडे बोट दाखवलं. तिथं एक वयस्कर अमेरिकन बाई एकट्या राहायच्या. आमची ओळख लांबून हात हलवण्यापुरती. आई कंगवा घेऊन रस्ता ओलांडून गेली होती, बेल वाजवून तिनं तो पुढे केला होता.

"त्यांना समजलं?"

"कंगवा समजायला इंग्रजी कशाला लागते?"

मी आभार मानायला गेलो. बाई म्हणाल्या, "माझी मुलगी कॅलिफोर्नियात असते. कुणाचे केस विंचरून किती वर्षं झाली, आठवत नाही. उद्याही पाठव त्यांना." मग विचारलं, "तुमच्याकडे म्हातारी माणसं अशी एकटी राहत नाहीत ना?"

मी "नाही" म्हणणारच होतो. तेवढ्यात आठवलं, नागपुरात आई एकटीच तर राहते. "राहतात," मी म्हणालो.

प्लास्टर निघालं, तरी आई रोज दुपारी समोर जात राहिली. दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या. मला आशा वाटू लागली. परतीची तारीख जवळ आली तेव्हा मी सरळ विचारलं, "राहतेस का? मुदत वाढवून घेता येईल."

ती माझ्याजवळ येऊन बसली. "तुझ्या डॉक्टरणीनं, या समोरच्या बाईनं मला कमी लेखलं नाही, बेटा. ते मी मरेपर्यंत सांगीन. पण दारातून नावानं हाक मारणारं इथं कोणी नाही."

"आणि तिथं?"

"तिथं दोन्ही आहे. कमी लेखणारेही, हाक मारणारेही." मग माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाली, "तू राहा. तुझं इथं चांगलं चाललंय."

ती गेली, मी राहिलो. त्यानंतर एका सकाळी कामावर निघण्याआधी मी तिला फोन केला. नागपुरात संध्याकाळ होती. जेवणाचं विचारून होतंय तोच ती म्हणाली, "थांब, कोणी आलं वाटते," आणि रिसिव्हर तसाच ठेवून दाराकडे गेली. दोन बायकांचं बोलणं, भांड्याचा आवाज, आईचं हसणं, सगळं लांबून ऐकू येत होतं. ती फोन विसरली होती. ट्रेनची वेळ होईपर्यंत मी तो तसाच कानाशी धरून उभा राहिलो.