मंडपाबाहेरचा मामा

सहा मे. सोलं वाळत घातली आहेत. भिरंडांची, म्हणजे कोकमांची, सालं रसात बुडवायची, उन्हात पसरायची, पुन्हा बुडवायची. मधल्या वेळात अंगणात बसून कोंबड्या हाकलायच्या, एवढंच काम. बसलेच आहे तर मामाबद्दल लिहून टाकते. आमच्या पेडणे तालुक्यात माझ्या मामाइतका कामसू आणि मामाइतका बिनकामाचा माणूस दुसरा झाला नाही, आणि हे खात्रीने सांगणारं आता माझ्याशिवाय फारसं कोणी उरलेलं नाही.

मामा मूळचा तालुक्यातल्याच हळर्णचा. पोर्तुगीज असताना शिकायला म्हणून पणजीला गेला आणि एका म्हाताऱ्या ख्रिस्ती संगीतशिक्षकाच्या माडीवर भाड्याने राहिला. खाली दिवसभर पोरं व्हायोलिन घासत. दुसरा कोणी असता तर त्याने महिन्याभरात खोली बदलली असती. मामाने वाद्य घेतलं. तेही व्हायोलिन नव्हे, चेलो. व्हायोलिनचाच थोरला भाऊ, पण गुडघ्यांत धरून वाजवायचा आणि उभा केला तर माझ्या खांद्याला लागणारा. मामाने लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, "एका खोलीत दोन रुसणारी माणसं कशी ठेवू?" गोवा मुक्त झाल्यावर सरकारी कचेरीत चिकटला, तिथून रिटायर झाला, आणि एका दुपारी ट्रंक आणि चेलो घेऊन आमच्या पडवीत राहायला आला. मी चहा दिला. कप खाली ठेवायच्या आधी त्याने मला सांगितलं, "बाये, पेडण्यात वाद्यवृंद पाहिजे."

मी तेव्हा कचेरीत नोकरीला होते. पेडण्याला काय काय पाहिजे याचे अर्ज माझ्याच टेबलावर यायचे. नळ, रस्ता, डॉक्टर. वाद्यवृंद कोणी मागितलेला नव्हता. तसं मी म्हटलंही. मामा म्हणाला, "ऐकलाच नाही तर मागणार कसा?" मी कप उचलून आत गेले, आणि त्याने तोच होकार समजून दुसऱ्या दिवसापासून काम सुरू केलं.

चेलो घेऊन तो म्हापशाच्या बसमध्ये चढला की आधी वाद उभा राहायचा. काळ्या कापडात गुंडाळलेली ती लांबडी वस्तू प्रेत समजून एकदा कंडक्टर म्हणाला, "बाबा, मढां बशीत घेवक जायना." मामाने शांतपणे कापड सोडलं, दांडीला टेकून उभ्या-उभ्याच दोन लांब सूर ओढले आणि म्हणाला, "जित्तां आसा. बघ." कंडक्टरने घंटी दिली. त्या कंडक्टरने नंतर कायम पुढची जागा धरून ठेवली, हे मामा मोठा विजय म्हणून सांगायचा. बाकीच्या उतारूंना उभं राहावं लागलं, ते तो सांगत नसे.

चोपड्याला तेव्हा पूल नव्हता, फेरी होती. फेरी चुकली की माणसं शिव्या देत. मामाला आनंद व्हायचा. अडकलेल्या माणसाइतका चांगला श्रोता जगात नाही असं त्याचं मत. धक्क्यावरच्या दगडावर बसून तो वाजवायला लागे. एका मासेवालीने पाटी उतरवून सरळ विचारलं, "रे बाबा, ह्यां रडता कित्याक?"

"रडत नाय गो. सांगता."

"काय सांगता?"

मामाने गज मांडीवर ठेवला. "तां तुका समाजला तर माका सांग," म्हणाला. बाईने मान हलवली, फेरी येईपर्यंत ऐकलं, आणि जाताना दोन बांगडे त्याच्या पायाशी ठेवले. ते बांगडे घेऊन मामा असा घरी आला की जणू सरकारने शाल दिली. मी तळले.

शाळाशाळांतून तो बोलावण्याची वाट न बघता जाई. मुलांना वाद्यवृंद समजावायला त्याच्याकडे रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दाखला असे. सगळे मिळून दोर ओढतात. एकानेच जोर केला तर जाळं तिरकं येतं. आणि किनाऱ्यावर उभा राहून ओरडणारा जो म्हातारा असतो, तो दोराला हात लावत नाही, पण त्याच्यावाचून मासळी येत नाही. तो म्हातारा म्हणजे संचालक. मुलांना हे लगेच कळायचं. भेटेल त्या माणसाला तो एकेक वाद्य नेमून देई. माझा नवरा बासरी, तलाठी ट्रॉम्बोन, मी मोठे नगारे. "बराच वेळ गप्प असतेस, पण वाजलीस की सगळे ताठ बसतात," असं त्याचं स्पष्टीकरण. नवऱ्याला ते फार पटलं.

हळूहळू पडवीत मुलं जमायला लागली. बहुतेक भजनी घरांतली. तालाला पक्की, आणि कागदावरच्या खुणा वाचायला तितकीच नाराज. जुनी व्हायोलिनं मामाने पणजी-म्हापशातून कुठून कुठून मागून आणली. दोन वर्षं माझ्या घरात संध्याकाळी एकही माणूस सरळ आवाजात बोलला नाही. मग एक दिवस मामा पणजीहून नाचतच आला. तिथला वाद्यवृंद पेडण्यात येऊन मुलांबरोबर एक संध्याकाळ वाजवायला तयार झाला होता, आणि त्या संध्याकाळी संचालन मामाने करायचं होतं.

एवढी माणसं मावतील अशी जागा एकच, देवळाचा मंडप. देवळाच्या मानकरी महाजनांची बैठक बसली. एकाने शंका काढली की ह्या वाद्यांच्या तारा आतड्याच्या असतात. मामा म्हणाला, "आणि पखवाजाला काय कागद लावतात?" ते मिटलं. पण दुसरी अडचण खरी होती. संचालक वादकांकडे तोंड करून उभा राहतो. वादक देवाकडे तोंड करून बसले तर मामाची पाठ देवाला. मामा देवाकडे वळला तर सगळ्या वादकांची पाठ देवाला.

"देवाक पाठ करून तासभर हात हालयतलास? आमच्या गावात?" सगळ्यांत वयोवृद्ध महाजनांनी विचारलं.

मामा रात्रभर काड्या मांडत बसला आणि सकाळी उपाय घेऊन गेला. भजनाला बसतात तशा समोरासमोर दोन रांगा, मधली वाट देवासाठी मोकळी, आणि संचालक एका बाजूच्या खांबापाशी. पाठ कोणाचीच नाही. महाजन खूश झाले. पणजीकर आधी हसले, मग तेही कबूल झाले. मला वाटतं असा बसलेला वाद्यवृंद जगात दुसरीकडे कुठे नसेल.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी हळर्णहून एक माणूस मोटारसायकलवर आला. मामाचा एक चुलतभाऊ आदल्या दिवशी वारला होता. मामाने त्याला वीसेक वर्षांत पाहिलेलं नव्हतं. दोघांत बोलणंही नव्हतं. पण भाऊबंद म्हणजे सुतक, आणि सुतक असलेल्याने देवळाची पायरी चढायची नाही.

निरोप्या गेल्यावर मी दार लावलं. "मामा, तुला हे उद्या कळलं," मी म्हटलं. नवराही म्हणाला, "सुतक ऐकल्यापासून. आम्ही कोणी ऐकलं नाही."

मामा चेलोच्या कापडाची गाठ सोडत-बांधत राहिला. मग म्हणाला, "बाये, त्यांनी माझ्या शब्दावर मंडप दिला. उद्या कळेलच. मग या मुलांना व्हायोलिन घेऊन कोण परत आत घेईल? माझी एक संध्याकाळ जाईल. त्यांचं दार बंद होईल."

त्याने स्वतः जाऊन पुजाऱ्यांना लांबून सांगितलं. संचालन पणजीच्या एका वादकाने केलं. मी लग्न होऊन दुसऱ्या घरची, मला सुतक नव्हतं, म्हणून मी आत बसले. मला त्यातलं काही कळत नाही, पण मुलं एकदाही चुकली नाहीत एवढं कळलं. समोरासमोर बसल्यामुळे ती खांबाकडे बघतच नव्हती, एकमेकांकडे बघून वाजवत होती, भजनात बघतात तशी. मामा बाहेर, आवाराच्या भिंतीपलीकडे, चणेवाल्याच्या गाडीशेजारी उभा होता. मोठे आवाज त्याला ऐकू आले. हळू भाग आले नाहीत. नेमकी तेव्हाच बस आली. कार्यक्रम संपल्यावर त्याने मला एकच विचारलं, "मधल्या भागात चेलो कसा झाला गो?" मी आपलं "बरा झाला," म्हटलं. माझ्या "बरा"वरून त्याला काही कळण्यासारखं नव्हतं.

ते दार कोणी बंद केलं नाही. पण त्यातून पुन्हा कोणी गेलंही नाही. पणजीकरांचं पुढच्या वर्षी जमलं नाही, त्याच्या पुढच्या वर्षी कोणी विचारलं नाही. मोठी मुलं म्हापशाला, खाणींवर, बोटींवर गेली. मामाचा हात थरथरायला लागला आणि काही वर्षांनी मामाही गेला. ज्यासाठी त्याने ती संध्याकाळ सोडली, ते घडलंच नाही. मी हिशेबी बाई आहे, आणि हा एक व्यवहार मला अजून जुळवता येत नाही.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मी कचेरीत उशिरा गेले. शाळा भरायच्या आधी घरोघरी जाऊन मुलांना वाद्यांसकट आमच्या अंगणात आणलं. एका आईने वाटेत अडवलं, "सुतकात गाणीं?" मी म्हटलं, "सराव आसा. गाणीं न्हय." मुलांना आंब्याखाली बसवलं, मामाला पायरीवर उभं केलं, शिवाशिव नको म्हणून मध्ये अंगण ठेवलं, आणि काल वाजवलंत ते सगळं वाजवा म्हणून सांगितलं. पण मुख्य चाल पणजीकरांकडे होती, आणि ते रात्रीच निघून गेले होते. मुलांच्या वाट्याला नुसते आधाराचे सूर. ती चार सूर वाजवायची आणि थांबायची, मनात मोजायची, पुन्हा चार सूर. मधल्या शांततेत मला कोंबड्या ऐकू येत होत्या. मामाचा हात एकदाही थांबला नाही. जिथे कोणीच वाजवत नव्हतं तिथे तो सगळ्यांत हळुवार हलत होता. मी पायरीच्या कडेला बसून शेवटपर्यंत त्याच्या हाताकडे बघत राहिले.