तान आलाय की तान लागली?

आधीच हात जोडतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. नववी अर्ध्यात सोडली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाशी माझी ओळख नुसती येता-जाता नमस्कार करण्यापुरती. भारी शब्द मला येत नाहीत. चुका दिसतील त्या पोटात घाला.

फक्त एका बाबतीत मला स्वतःचं कौतुक होतं. न आणि ण! आमच्या वर्गात अर्धी पोरं ‘पानी’ म्हणायची, ‘कोन’ म्हणायची. मी सातारच्या आईबापाचा, नालासोपाऱ्यात वाढलेला. बाई म्हणायच्या, "दिनेशचं बाकी काही असो, ‘ण’ मात्र खणखणीत."

त्याच ‘ण’ने माझी अशी जिरवली की विचारू नका. पण तुम्ही वाचायला बसलाच आहात, हातात चहाही असेल, तर ऐकाच.

मी वसईत रिक्षा चालवतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या स्टँडवर एका हॉस्पिटलच्या डॉक्टर मॅडम आल्या. इमर्जन्सी विभागाच्या. म्हणाल्या, माणूस रस्त्यात कोसळला तर त्याच्याजवळ पहिला पोहोचतो तो डॉक्टर नसतो, रिक्षावाला असतो. म्हणून शिका. सोबत प्लास्टिकचा एक माणूस आणला होता, कमरेपासून वरचाच. त्याची छाती कशी दाबायची ते शिकवणार होत्या.

"हा गिऱ्हाईक बरा," अंतोन म्हणाला. "पायच नाहीत. भाडं बुडवून पळायचा नाय."

अंतोन पाचूबंदरच्या कोळीवाड्यातला. माझ्या पुढेच त्याची रिक्षा लागते. सगळे हसले. मी हसलो नाही. मी मनापासून शिकत होतो हो! उन्हाने चक्कर आली तर सावलीत न्या, ओला कपडा ठेवा, पाणी द्या. हार्टचा संशय असेल तर खायला-प्यायला काही देऊ नका, चालवू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. मॅडम म्हणाल्या, "बायका छातीत दुखतंय असं म्हणतीलच असं नाही. गळा, जबडा, पाठ दाखवतील. ताण आलाय म्हणतील, दडपण म्हणतील. लाजू नका. विचारा. पुन्हा विचारा."

मी सगळं पाठ केलं. परीक्षेत पहिला आलो. आयुष्यात पहिल्यांदा! मॅडमनी माझ्या रिक्षेच्या काचेवर स्वतःच्या हाताने स्टिकर लावला, ‘आपत्कालीन मित्र’. त्या दिवसापासून स्टँडवर माझं नाव ‘डॉक्टर’.

आणि मग फिलू मावशी माझ्या रिक्षेत बसल्या.

पाचूबंदरच्या धक्क्यावर लिलाव आटोपून त्या मासळीची पाटी घेऊन बाजारात निघाल्या होत्या. ऊन असं की हँडल हाताला चटके देत होतं. थोडं पुढे गेल्यावर मागून आवाज आला.

"पोरा… मना तान आलाय रं."

आरशात बघितलं. मावशींनी हात गळ्यापाशी धरला होता. चेहरा घामाने निथळत होता.

आता सांगा, एवढ्या उन्हात, गळ्याला हात लावून, घामाघूम बाई ‘तान’ म्हणते. तुम्हाला काय कळलं असतं? तहान! आमच्या घरी आईसुद्धा बोलताना तहानेला तानच म्हणते.

मी तिथेच रिक्षा थांबवली. माझी पाण्याची बाटली दिली. "प्या मावशी, सावकाश."

त्यांनी बाटलीकडे बघितलं, मग काचेवरच्या स्टिकरकडे. प्यायल्या.

"गेला का तान?"

"नाय रं. वाढलाच."

मी म्हटलं, साध्या पाण्याने भागत नाही, म्हणजे उष्माघात! धडा पाठ होता ना. रसाच्या दुकानासमोर झाड होतं, तिथे रिक्षा लावली. मावशींना हाताला धरून, चालवत, सावलीतल्या बाकावर आणलं. होय. चालवत. तुम्हाला आत्ता आठवलं ना काय करायचं नसतं ते? मला नाही आठवलं.

रुमाल भिजवून डोक्यावर ठेवला. उसाचा रस पाजला, मीठ घालून. लोक जमले. रसवाल्या भैयाने स्टिकर वाचून बाकीच्यांना मागे सारलं, "हटो हटो, डॉक्टर का आदमी है." मला आतून कसं बरं वाटलं म्हणून सांगू! आयुष्यभर मान खाली घालून बोलणारा मी, चारचौघांत हुकूम सोडत होतो. "वारा येऊ द्या! एक शहाळं आणा कोणीतरी!"

शहाळंही आलं. मावशींचा हात आता गळ्यावरून जबड्याकडे गेला होता. ओठ पांढरे पडले होते.

"मावशी, अजून तान आहे?"

"लय आलाय…" एवढंच बोलल्या. आणि शहाळ्याची नळी तोंडात धरली, कारण मी धरायला सांगितली होती.

खरं सांगतो, तेव्हा मनात एकदा चमकून गेलं होतं. विचारावं का? पण काय विचारणार? ‘मावशी, छातीत काही होतंय का?’ आईच्या वयाची बाई, भोवती पंधरा-वीस माणसं, आणि मी तो शब्द तोंडातून काढू? प्लास्टिकच्या माणसाची छाती दाबणं वेगळं. मी म्हटलं, अजून थोडं शहाळं प्या.

तेवढ्यात अंतोनची रिक्षा आली. गर्दी बघून तो थांबला.

"काय रे डाक्टर, रस्त्यात दवाखाना मांडलास काय?" मग मावशींना बघून त्याचं हसू गेलं. "फिलू मावशी? काय झाला?"

"तान आलाय, अंतोन."

"कवापासून?"

"तिला तहान लागलीय रे," मी मध्येच म्हटलं. "उष्माघात आहे. मी बघतोय."

अंतोनने माझ्याकडे असं बघितलं, ते मी अजून विसरलो नाही.

"तहान नाय रे शान्या! तान! तान!" त्याने स्वतःच्या छातीवर मूठ आवळून धरली. "तुमचा तो ताऽऽण! छाती आवळते तिची!"

ताण.

मॅडमनी सांगितलेला शब्द. मी पाठ केलेला शब्द. मावशी तोच शब्द मला पहिल्यापासून सांगत होत्या, फक्त त्यांच्या घरच्या बोलीत. आणि माझा खणखणीत ण कानाच्या बाहेरच उभा राहिला. ताण ‘येतो’, तहान ‘लागते’, एवढं साधं मराठी कळलं असतं तरी पुरे होतं. पण नववी अर्ध्यात सोडलेली ना!

आम्ही दोघांनी त्यांना उचललं. या वेळी चालवलं नाही. मासळीची पाटी रसवाल्याच्या ताब्यात राहिली. अंतोन मागे मावशींना धरून बसला आणि मी रिक्षा हाणली. हॉर्नवरचा हात काढलाच नाही. मागून मावशींचा जपमाळेचा पुटपुटता आवाज येत होता. मध्येच तो थांबला की मी आरशात बघायचो. मग पुन्हा सुरू व्हायचा.

इमर्जन्सीच्या दारात कोण असावं? त्याच मॅडम.

त्यांनी मला ओळखलं. मावशींना आत घेतलं, तारा लावल्या, मशीनमधून कागद निघाला. कागद बघून मॅडमचा आवाज एकदम शांत झाला. डॉक्टर लोकांचा आवाज शांत झाला की समजायचं.

"त्रास कधी सुरू झाला?"

कोणाला माहीत होतं? मलाच. मी घड्याळ कुठे बघितलं होतं! माझ्याकडे वेळ मोजायला एकच हिशेब होता.

"मॅडम… रसाच्या आधी."

"कसला रस?"

"उसाचा. मीठ घालून. म्हणजे शहाळ्याच्या आधी. आणि पाण्याच्या… पाण्याच्याही जरा आधी."

आतल्या सिस्टर वळून बघायला लागल्या. मॅडमनी पेन उचललं. "म्हणजे अर्धा तास धरू?"

"धरा," मी म्हटलं. मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मी रिक्षेसकट आत जावं.

हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होती. ती विरघळवायचं इंजेक्शन सुरू केलं. मावशींचा मुलगा बोटीवर होता. सून आली, ओल्या हातांनी, तशीच. माझ्या शेजारी बाकावर बसली. म्हणाली, "तुमी आनला ना आईला? देव तुमचा भला करो."

रसाचं, शहाळ्याचं तिला कसं सांगणार? सांगितलं असतं तर हलकं वाटलं असतं, पण ते माझं हलकं होणं तिने का सोसावं? त्या बाकावर मला एकच गोष्ट छळत होती. मावशी मुकाट्याने पीत का गेल्या? त्यांना तर ठाऊक होतं तहान नाही म्हणून! नंतर अंतोनने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तो शिकलेला हाय ना. काचेवर लिवलाय. मना वाटला, तेच अवशीद आसल."

दिवेलागणीला मॅडम बाहेर आल्या. म्हणाल्या, धोका बराचसा टळलाय, पण आजची रात्र लक्ष ठेवायला हवं. मग माझ्याजवळ आल्या. मी उभा राहिलो आणि रसापासून शहाळ्यापर्यंत सगळं सांगितलं. विचारायला लाजलो, तेही सांगितलं.

त्या म्हणाल्या, "दिनेश, मी लातूरची. तान हा शब्द मीही चुकले असते. पुढच्या वर्गात आधी अंतोनला इथली बोली बोलायला लावीन. पण लाजणं? ते तुझं. ते सोड."

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. कूस बदलली की कानात एकच शब्द. तान, ताण, तान, ताण.

सकाळी पहिलं भाडं न घेता हॉस्पिटल गाठलं. सुनेने सिस्टरला विनवून एका मिनिटासाठी मला आत पाठवलं. मावशी डोळे मिटून होत्या. चेहऱ्यावर रंग होता. मी पायाशी उभा राहिलो. त्यांनी डोळे किलकिले केले, ओठांवरून जीभ फिरवली, आणि हळूच म्हणाल्या,

"पोरा… तान…"

झालं! माझ्या अंगातून वीज गेली. आता चूक नाही! आता लाज नाही!

"सिस्टर!" मी ओरडलो. असा आवाज माझ्या गळ्यात आहे हे मलाही माहीत नव्हतं. "मॅडम! ताण! छातीत ताण! छातीत! छातीत! मशीन आणा!"

दोन सिस्टर धावल्या. मॅडम आल्या. पडदा ओढला, तारा लागल्या, कागद निघाला. शेजारचा म्हातारा पेशंट घाबरून उठून बसला. मॅडमनी कागद वरून खाली बघितला, मग मावशींकडे वाकल्या. "मावशी, काय होतंय?"

मावशींनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तान लागलीय, बाय. तान. पानी पायजे." आणि माझ्याकडे बोट केलं. "काल मागितला नाय तवा बाटलीभर पाजलान. आज मागते, तर मशीन लावतो मेला!"

मॅडम हसू दाबत बाहेर गेल्या. सिस्टरने माझ्या हातात वाटी आणि चमचा दिला. "पाज आता. दोनच चमचे."

मी दोन चमचे पाजले. मावशींनी तिसऱ्यासाठी तोंड उघडलं आणि म्हणाल्या, "तान…"

मी चमचा वाटीत परत ठेवला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवले आणि विचारलं, "मावशी, आलाय की लागली?"