मॅटवरचा कप्तान

त्याच्या निवृत्तीची बातमी पेपरच्या आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात होती. परदेशी संघाचा सलामीवीर आणि कप्तान तो, आपल्याकडे त्याचं कोणाला काय पडलंय? यवतमाळच्या बसस्टँडसमोर टपरीवर उभ्याउभ्या मी ती वाचली आणि अर्धा चहा तसाच ठेवून निघालो. टपरीवाला मागून ओरडला, "काहून सायेब, साखर कमी पडली का?"

साखरेचं काही नव्हतं. त्या गोऱ्या माणसाचा आणि माझा जन्म एकाच सालचा. तोही सलामीला उतरायचा, मीही. तो त्याच्या देशाचा कप्तान, मी दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावच्या संघाचा. एवढ्या भांडवलावर मी त्याला आपला मानला होता. घरात त्याला 'तुमचा गोरा' म्हणत. पहाटे उठून त्याचे कसोटी सामने बघायला लागलो की बायको विचारायची, "तुमच्या गोऱ्याले तरी माहीत हाय का, तुम्ही जागून राह्यले म्हणून?" तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसायचा. मला त्याच्या धावांशी फारसं घेणंदेणं नव्हतंच. तो खेळतोय तोवर माझंही वय खेळण्याचंच आहे, हे मी घट्ट धरून बसलो होतो. लोक देव धरतात, मी हे धरलं.

मी कप्तान कसा झालो तेही सांगून टाकतो. आमच्याकडे मुरमाच्या मैदानावर काथ्याची मॅट अंथरून, तिला चारी बाजूंनी खिळे ठोकून सामने होतात. मॅट ज्याच्या घरी तो कप्तान, हा आमचा नियम. आमच्या घरामागे टिनाचं शेड होतं, म्हणून मॅट आमच्याकडे आणि कप्तानी माझ्याकडे. सामन्याच्या दिवशी हातोडी कप्तानाच्या हातात. आपली फलंदाजी असली की मॅट ताणून ठोकायची, म्हणजे चेंडू सरळ येतो. डाव बदलून समोरच्यांची आली की खिळे पुन्हा ठोकताना एखादी बाजू जरा ढिली सोडायची. यात कोणाला काही वावगं वाटत नसे, कारण आम्ही त्यांच्या गावी गेलो की तेही तेच करत.

मॅटवर टप्पा पडला की चेंडू कमरेपर्यंत उसळतो. म्हणून आम्ही सगळे मागच्या पायावर खेळायला शिकलो. चेंडू कुठेही पडो, आधी मागे सरकायचं, उसळी येऊ द्यायची, मग मारायचं. माझ्याबरोबर सलामीला उतरणारा दोस्त मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा, आणि आता स्वतःही तेच करतो. तोही तसाच खेळायचा. आम्ही दोघांनी मागे सरकत सरकत आसपासच्या गावांना झोडपून काढलं आणि स्वतःला फार मोठे समजू लागलो.

मग जिल्ह्याच्या एकोणीस वर्षांखालच्या संघात दोघांची निवड झाली. नागपूरला निवड चाचणीचा सामना होता. त्यात चमकलो तर पुढचं दार उघडणार होतं, नाहीतर घरी. तिथे मॅट नव्हती, टर्फ होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी असल्या खेळपट्टीवर पाय ठेवला. गंमत म्हणजे ती काळ्या मातीचीच होती. आमच्या शिवारात पावसाळ्यात चपला गिळते ना, तीच माती. तिथे मात्र रोलर फिरवून तिची फरशी करून टाकली होती.

पहिलाच चेंडू चांगल्या टप्प्यावर पडला. मी मागे सरकलो आणि उसळीची वाट बघत राहिलो. चेंडू उसळलाच नाही. घोट्यावर येऊन आदळला. पायचीत. पलीकडच्या टोकाला दोस्त डोक्याला हात लावून उभा होता.

दुसऱ्या डावाआधी तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "पाय पुढं टाक बे. हे मॅट नोहे."

मलाही ते कळलं होतं. चालत जाताना मी पुढे, पुढे, असं घोकत होतो. काही षटकं पाय खरोखर पुढे गेलाही. दोनदा चेंडू बॅटच्या मधोमध बसला, आणि तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मग एक चेंडू आला, काही विशेष नव्हता. डोक्याने पुढे म्हटलं आणि पाय मागे गेला. मधली दांडी पडली.

परतताना मी निवड समितीच्या खुर्च्यांजवळून गेलो. टोपी घातलेला एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "मॅटवाला आहे. आता नाही सुटत हे." त्याच्या बोलण्यात कुचकेपणा असता तर बरं झालं असतं, मनातल्या मनात भांडलो तरी असतो. पण तो नुसतं खरं बोलला होता. आम्हा दोघांचीही निवड झाली नाही.

पुढे तो गोरा कसोटी खेळू लागला. संघाबाहेर गेला, परत आला, कप्तान झाला. मी कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून झालो. लग्न झालं. कोणी म्हटलं, "आता कायले खेळता, वय झालं," की मी टीव्हीकडे बोट दाखवायचो. तो खेळतोय ना? घराच्या बोळीत बॅट घेऊन पाय पुढे टाकायचा सराव करायचो. बायको म्हणायची, फरशी झिजवता. काही वर्षांनी पाय न सांगता पुढे जाऊ लागला. तोवर मला टर्फवर बोलावणारं कोणी उरलं नव्हतं, आणि आमच्या मॅटवर पाय पुढे टाकला की चेंडू सरळ बोटांवर बसायचा. शिकलो ते निरुपयोगी, एवढंच मी कमावलं.

त्या दिवशी संध्याकाळी दोस्ताच्या गॅरेजला गेलो. बातमी त्याने मोबाइलवर बघितली होती.

"तुह्या गोऱ्यानं सोडलं म्हणे," तो म्हणाला. "जाऊ दे. रविवारी बोरी अरबची टीम येऊन राह्यली. सकाळीच मॅट टाकू."

"मी नाही येत," मी म्हणालो. "आता बस. मॅट घेऊन जा. आजपासून तू कप्तान."

त्याला आधी थट्टा वाटली. मग माझ्या तोंडाकडे बघून तो हसायचा थांबला. फडक्याने बोटं पुसत राहिला. ती आधीच कोरडी होती.

"कप्तानी घेऊन काय करू मी?" तो म्हणाला. "तू नाही तं मी कोणासंग उतरू?"

इतकी वर्षं मी त्या परदेशी माणसाकडे बघून खेळत होतो. हा माझ्याकडे बघून खेळत होता, हे मला तेव्हा कळलं. रविवारी सकाळी दोस्ताने मला न्यायला दारात येऊन हॉर्न वाजवला. मी आत बसून राहिलो.