होऊन नाही राहिलं

भिंतीवर माझा मेल होता. प्रोजेक्टरच्या उजेडात, हातभर अक्षरांत. नागपूरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजचा हॉल, ओपन सोर्सचं, म्हणजे सगळ्यांना खुल्या मोफत प्रोग्रॅमचं शिबिर. पुण्याहून आलेला वक्ता शिकवत होता की प्रश्न कसा विचारू नये. नमुना म्हणून माझा मेल.

"तुम्ही लिहिलं तसंच करून राहिली, पण होऊन नाही राहिलं. काऊन होऊन नाही राहिलं ते सांगा."

त्यानं ते चाल लावून वाचलं. मग म्हणाला, "करून राहिली, होऊन राहिलं. अहो, या बाई नक्की राहतात तरी कुठं?"

हॉल हसला. नागपूरची पोरंही हसली. घरी आईशी हेच बोलणारी पोरं. त्यांचं हसणं मला जास्त लागलं. मेलवरचं माझं नाव त्यानं खोडलं होतं, तेवढे उपकार. शेजारची मुलगी हसत माझ्याकडे वळली, तर मीही हसले. तोंडाला सवय असते.

हे दोन हजार दहाच्या आसपासचं. मी कुडव्याला एका टायपिंगच्या दुकानात काम करत होते. लग्नपत्रिका, अर्ज, शपथपत्रं. सगळं जुन्या फॉन्टमध्ये. दुकानात अक्षरं नीट दिसायची आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की किडेमकोडे. बिरसीच्या एका माणसाचा अर्ज साहेबांच्या कॉम्प्युटरवर असाच उघडला आणि तो टेबलासमोरून परत आला. आमचा सेठ सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम को आता नहीं." मला येत होतं. फॉन्ट दगा देत होता. पण हे ऐकून घेणार कोण?

मग मला एक मोफत प्रोग्रॅम सापडला. जुन्या फॉन्टमधलं लिखाण नव्या, सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांत आणणारा. कोणीही घ्या, कोणीही वापरा, कोणीही सुधारा, असं त्यावर लिहिलेलं. सोबतची माहिती चक्क मराठीत. मी हरखूनच गेले. पहिली ओळ होती, उतरवून घ्या. घेतलं. दुसरी ओळ, नेहमीप्रमाणे कंपाइल करा.

तिसरी ओळ नव्हती.

कंपाइल म्हणजे काय, ठाऊक नव्हतं. जे सुचलं ते केलं. अडलं तिथं तो प्रोग्रॅम करणाऱ्यांच्या सामायिक मेलवर विचारलं, जसं बोलते तसंच. कोणी उत्तर दिलं नाही. शिबिर त्याच माणसांचं होतं. मला वाटलं, गेले तर भेटून विचारता येईल. सेठकडून सुट्टी मागून गेले. उत्तर मिळालं ते असं, भिंतीवर.

पुढची स्लाइड आली. मी उठले.

"कुडव्याले राहते मी. गोंदियाजवळ. मेल माझा आहे."

त्यानं स्लाइड थांबवली.

"तुमच्या दुसऱ्या ओळीत नेहमीप्रमाणे लिहून आहे. कोणाच्या नेहमीप्रमाणे?"

तो म्हणाला, गंमत होती, मनावर घेऊ नका. माझं इंजिनीअरिंग कुठून झालं ते विचारलं. मी तिरोड्याचं बी.ए. सांगितलं. "मग हे पान तुमच्यासाठी नाहीच हो," तो म्हणाला. प्रेमानं म्हणाला. रागानं म्हटलेलं विसरता येतं, असं प्रेमानं म्हटलेलं हाडात मुरतं. वर टोमणा मारला की एवढं वाटत असेल तर तुम्हीच लिहा. लिहीन, म्हटलं.

पॅसेंजरमध्ये बसले, तर जीव जागेवर नव्हता. तुमसर येईपर्यंत मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते. गोंदिया आलं तरी भांडण संपलं नव्हतं.

कंपाइल करायला, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्रॅम बनवायला, मला शेजारी बसून हसलेल्या त्या मुलीनंच शिकवलं. शिबिर सुटताना तिनं आपणहून नंबर दिला होता. ती फोनवर सांगायची, मी करायची आणि लगेच लिहून काढायची. शिकता शिकताच लिहिलं. एकदा येऊ लागलं की माणूस विसरतो, आपल्याला काय येत नव्हतं. तो वक्ता तेच विसरला होता.

माझ्या पानाची पहिली ओळ होती, "या, बसा. कंपाइल म्हणजे काय हे माहीत नसलं तरी चालते." मग एकेक पायरी, आणि प्रत्येक पायरीनंतर पडद्यावर काय दिसेल ते. शेवटी जाड अक्षरांत मथळा: "होऊन नाही राहिलं?" त्याखाली मी जिथं जिथं अडले होते ते सगळं.

प्रोग्रॅमच्या माहितीत पहिलं पान म्हणून माझं पान लागलं, त्याचं जुनं मागं तसंच राहिलं. माझ्या कौतुकापायी नाही. प्रोग्रॅम लिहायला सगळे पुढे असतात, माहिती लिहायची हौस कुणालाच नसते.

आणि मेल यायला लागले. अर्जुनीच्या एका गुरुजींचा, "मॅडम, तिसऱ्या पायरीवर अटकून राहिलं." गडचिरोलीकडच्या एका बाईचा, "इथं असं विचारलं तर चालते काय?" मी प्रत्येकाला उत्तर दिलं. चालते, म्हटलं.

मग एके दिवशी पान उघडलं तर मथळा गायब. त्या जागी "संभाव्य त्रुटी व निराकरण". "या, बसा" पण गेलेलं. बदलाखाली त्याच वक्त्याचं नाव आणि कारण, भाषा प्रमाण केली.

मेल यायचे थांबले. गुरुजींसारखी माणसं कुठं गेली असतील? गेली नसतील कुठंच. अडलं तिथंच गुमान बसली असतील, असं विचारलं तर चालते काय या धास्तीनं.

माझं डोकं फिरलं. मथळा परत टाकला. बदल करताना कारण लिहायला एक चौकट असते. त्यात लिहिलं, "नवीन माणूस असाच विचारते." त्यानं परत काढला. अशा भाषेनं प्रकल्पाची प्रतिष्ठा जाते, असा मेलही आला. मी परत टाकला.

सेठ बघत होता. म्हणाला, "छोडो ना मॅडम, क्या मिलता है इससे?" सेठच्या दुकानातून आता किडेमकोडे बाहेर जात नाहीत, त्याला मिळालंय. पण मी सोडणार नाही. ज्याला येतं त्याच्यासाठी पान लिहायचंच कशाला?

वक्तेसाहेब, तुम्ही काढा. मी टाकीन. शंभरदा काढा, मी शंभरदा टाकीन. भाषा साफ करायची एवढी हौस असेल तर आधी ते "नेहमीप्रमाणे" काढा.

आणि त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, या बाई राहतात तरी कुठं? तुमच्या पहिल्या पानावर. तिथंच राहून राहिली मी.