मागून आलेली थाप

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमचं बौद्ध दीक्षा घेतलेलं घर. नवस, उतारा, दृष्ट काढणं... यातलं काहीच आमच्याकडे नाही. शेजारच्या दुकानातल्या सिंधी आंटी दाराला लिंबू-मिरची बांधायच्या, तेव्हा मी त्यांची थट्टा करायचे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय.

२००५ सालची गोष्ट. उल्हासनगर कॅम्प चारला माझं डीटीपीचं छोटं दुकान होतं. लग्नपत्रिका, बिलबुकं, अशी कामं. माझा सख्खा मामा कमांडो तुकडीतून रिटायर होऊन बदलापुरात नदीकडच्या बैठ्या चाळीत राहायचा. त्याने आठवणींचं पुस्तक काढायचं मनावर घेतलं... म्हणजे तो सांगणार आणि मी टाइप करणार. पुस्तक एका गुप्त मोहिमेचं. पण डोंगराचं नाव लिहायचं नाही, साल लिहायचं नाही, समोर कोण होतं तेही नाही. मी म्हटलं, मामा, मग लिहू काय, मेसचा मेनू? तो हसला नाही. तसा तो कमीच हसायचा.

रांगेने चालण्याबद्दल मात्र भरभरून सांगायचा. अंधारात बोलायचं नाही. सगळ्यात मागचा माणूस पुढच्याच्या खांद्यावर दोन थापा मारतो, तो त्याच्या पुढच्याच्या, असं करत थाप म्होरक्यापर्यंत पोचली की कळतं, सगळे आहेत. थाप नाही आली तर म्होरक्या पाऊल टाकत नाही. शेवटी नेहमी मामाचा जोडीदार दलबीर असायचा आणि मामा त्याच्या पुढे. दलबीर त्या मोहिमेत गेला. त्याला आणता आलं नाही, वरच ठेवून यावं लागलं. पुस्तक तिथेच अडलं होतं. "आम्ही परत आलो" एवढं मामा सांगायचा आणि लगेच म्हणायचा, खोड ते, सगळे कुठे आलो? मी खोडायचे. दरवेळी हेच. मला त्याची कीव यायची आणि, खरं सांगू, कंटाळाही यायचा.

जुलैत टाइप केलेली पानं दाखवायला त्याच्याकडे गेले आणि पाऊस असा काही कोसळला की दुपारी नदीच चाळीत शिरली. आधी उंबरा, मग पलंग, मग ओटा. बैठ्या चाळीला वर जायला मजला नसतो. रस्त्यापलीकडे उंचावर शाळा होती, तिथवर पोचलो तर वाचणार होतो. मामाने कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी सोडली आणि चाळीतल्या सगळ्यांना रांगेत ती धरायला लावली. स्वतः पुढे, हातात बांबू.

मला म्हणाला, "सुजाता, तू शेवटी. थाप म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. तुझी थाप आली की मी पुढे सरकणार."

"माझ्या मागे कोण?"

"कोणी नाही. शेवटच्याच्या मागे कोणी नसतं."

पाणी छातीपर्यंत. आवाज एवढा की हाक ऐकू येईना. माझ्या पुढे मामी होती, तिच्या खांद्यावर मी थापा देत होते आणि रांग सरकत होती. रस्त्याच्या मधोमध मात्र माझं अवसान गळालं. हात उचलेना. दोरी ताणून सगळे त्या ओढीत उभे... पुढे मामा माझ्या थापेची वाट बघत थांबलाय, हे मला कळत होतं. तरी हात उचलेना.

आणि माझ्या डाव्या खांद्यावर मागून थाप पडली. दोनदा. मग अंगठा रुतवून उजवीकडे एक दाब. रुंद, उबदार हात — त्या गार पाण्यात! मी वळले नाही. उजवीकडे सरकले आणि मामीला थापा दिल्या. रांग हलली.

शाळेच्या पायऱ्या चढल्यावर मागे पाहिलं. नुसतं पाणी होतं.

मामाला सांगितलं तेव्हा मी कुडकुडत हसत होते. तो एवढंच म्हणाला, "कुठला खांदा?" मी त्याच्या डाव्या खांद्यावर दोन थापा मारल्या आणि अंगठा दाबून दाखवला. मामा तिथेच खाली बसला. सगळ्या चाळीसमोर लहान मुलासारखा रडला.

"अंगठा दाबायची सवय दलबीरची," डोळे पुसत म्हणाला. "हे मी कुणालाच सांगितलं नाही. त्याला वर ठेवून उतरलो तेव्हा शेवटी मी होतो. माझ्या मागे कोणी नव्हतं. तरी खाली येईपर्यंत थाप येत होती. मला वाटलं, माझंच डोकं फिरलं."

पाणी ओसरल्यावर आम्ही त्या रस्त्यावर गेलो. मी थिजले होते तिथून जरा डावीकडे गटाराचं झाकण वाहून गेलेलं होतं. आत पाणी अजून घुमत होतं.

मामी म्हणते, झाडाची फांदी लागली असेल. असेल. थापांबद्दल मी स्वतः टाइप केलं होतं, तेही मान्य. पण अंगठ्याचं मला कुठून कळलं? लिंबू-मिरची मी अजूनही बांधत नाही.

नंतर मामा दुकानात आला, स्टुलावर बसला आणि म्हणाला, लिही, आम्ही सगळे परत आलो. मी त्याच्याकडे बघितलं. "सगळे ठेव," म्हणाला. "खोडू नकोस."

ते पुस्तक कधी छापलं गेलं नाही. मामाही आता नाही. पण पर्स मी आजही उजव्याच खांद्याला अडकवते. डावा मोकळा ठेवते.